दिशाचं उत्तर बरोबर होतं

सौमित्र,

माजिवड्याला ट्रॅफिक लागायच्या आत आम्ही दोघी निघतोय. दिशाला आज शाळेत मी सोडतेय, कारण तुझ्या गाडीत बसायला ती तयार नाही. तिची आज गणिताची चाचणी आहे, हे तरी लक्षात आहे का तुझ्या?

काल तिच्या वहीतलं ज्या गणिताचं पान टराटरा फाडलंस, ते गणित मी सकाळी पुन्हा सोडवलं. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा दोनने जास्त, आणि दोघींच्या वयांची बेरीज पन्नास. पोरीने मुलीचं वय x मानलं. म्हणजे आईचं 3x + 2. मग x + 3x + 2 = 50. मुलगी बारा वर्षांची, आई अडतीस. यात चुकलं काय? तू हट्टाने आईचं वय x धरायला लावलंस, अपूर्णांकांत अडकलास, घाम पुसत पुसत शेवटी अडतीसवरच आलास! आणि तरीही शेजाऱ्यांसमोर म्हणालास, "हिला डोकंच नाहीये." इंजिनीअर ना रे तू? कोणाचं वय x मानायचं ते सोडवणाऱ्याने ठरवायचं असतं, एवढंही विसरलास?

ती रात्री जेवली नाही. तू मात्र दोनदा भात घेतलास.

आत्ता बूट घालताना तिने मला विचारलं, "आत्या, बाबा चुकले तर त्यांना कोण ओरडतं?"

मी म्हटलं, "मी."

संध्याकाळी घरीच आहे. लवकर ये.

ताई