गॅरेजमागच्या मातीतला साबण

प्रिय चिचुंद्रे,

गुडघ्याची चौकशी शेवटी करते, आधी बातमी. तुझे जंतू जिवंत आहेत.

तीस तारखेला मी निवृत्त होतेय, म्हणून प्रयोगशाळेतलं माझं कपाट आवरायला घेतलं. मागच्या कप्प्यात जुन्या हातमोज्यात गुंडाळलेली ती सीलबंद काचेची नळी सापडली. सापडली कसली, मीच ठेवली होती. तेव्हाच्या आपल्या सरांनी तुझं सगळं फेकायला सांगितलं, तेव्हा एवढी एक मी खिशात घातली. चिठ्ठीवर तुझं किरटं अक्षर, 'गॅरेजमागची माती'.

आठवतं? मेकॅनिक तिथे काळं ऑइल ओतायचे, गवताचं पातंही उगवत नसे, आणि तू डब्यातला चमचा घेऊन उकिडवी बसून माती खरवडायचीस. इथे जे जगतंय ते तेल खात असणार, म्हणायचीस, आणि खाण्याआधी तेल सुटं करायला स्वतःचा साबण स्वतःच बनवत असणार. मी नाक मुरडायचे. होस्टेलवर आपल्या कॉलरी हुंगून साबण राहिलाय का बघणाऱ्या त्या नन सिस्टरनी तर तुझ्या जंतूंनाही तीन पाण्यांतून काढलं असतं.

नळी आमच्या आताच्या मॅडमना दिली. तुझ्यामाझ्या लेकींच्या वयाच्या आहेत. एवढ्या वर्षांनी काही वाढेल याची त्यांना आशा नव्हती. मला मात्र धाकधूक. चौथ्या दिवशी सूपवर फेस आला. जंतू वाढवायच्या त्या पाण्याला मी अजून सूपच म्हणते. सगळं काम एकदाच वापरायच्या, साबण जन्मात न पाहिलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत केलं. साबण असला तर तेलावरचा थेंब पसरतो, म्हणून एका प्लास्टिकच्या झाकणाला तेल लावलं. नुसत्या सूपचा थेंब मण्यासारखा टम्म राहिला. मग तुझ्या जंतूंचा टाकला. तो पसरला, सपाट झाला, दिवसभर उभी असलेली बाई खुर्चीत टेकावी तसा. अकरा वेळा केलं, अकराही वेळा तसंच. मॅडम म्हणतात, तेलाने मेलेली माती धुवायला तुझ्या जंतूंचा हा साबण चालेल, आणि काम झालं की तो मातीतच विरून जाईल. अजून पुष्कळ तपासायचंय. पण तू बरोबर होतीस.

आता ते दुसरं. एकतीस वर्षं आपण पत्रांतून मोतीबिंदू, जावई, लोणी कढवणंसुद्धा लिहिलं, पण त्या बाटल्यांबद्दल अवाक्षर नाही. तुझा पसरणारा थेंब बघायला बाहेरचे पाहुणे यायचे होते, त्याच सकाळी माझी धाकटी तापाने फणफणली होती. घरी पळायचं म्हणून मी तुझ्या बाटल्या साबणातून काढून सातऐवजी एकाच पाण्यात खळबळल्या. पाहुण्यांतल्या एकाने रिकाम्या बाटलीत साधं पाणी घोळवून तेलावर थेंब टाकला, तर तोही सपाट, म्हणजे करामत बाटलीत राहिलेल्या साबणाची. सर लालबुंद. कुणी धुतल्या, विचारलं. माझी नोकरी कच्ची होती. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "बाटल्या मी धुतल्या." पुढच्या आठवड्यात तू शाळेत शिकवायला गेलीस, आणि पुन्हा मातीला हात लावला नाहीस.

खरं सांगू? इतकी वर्षं मनात म्हणत आले, तिचे जंतूच खोटे असू देत, म्हणजे मी तिचं काही हिरावलं नाही. थेंब पसरला तेव्हा मला जास्तच वाईट वाटायला हवं होतं. पण स्टुलावर बसून मी रडले ती सुटल्यासारखी. मॅडमनी पाणी आणून दिलं.

त्यांना सगळं सांगितलंय. प्रयोगाच्या वहीतही लिहिलंय, बाटल्या मी धुतल्या होत्या, खाली माझी सही. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं येणार, त्यासाठी तुझीही सही लागेल. ती पोस्टाने चालली असती, पण मी मॅडमना म्हटलं, ती स्वतः येईल. तेवढ्यासाठीच हे पत्र. शनिवारी ये. मी झाकणाला तेल लावून ठेवते, थेंब तू टाक. आता इथे लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्याचं निमित्त चालणार नाही. आणि घाबरू नकोस, बाटल्या आता मी धुवत नाही.

तुझीच,
बगळी