दत्तरावाचा फोन

३ मार्च १९९१, चारठाणा
गावात पहिला टेलिफोन आला. तोही शेजारी, दत्तरावाच्या घरात. चौथी नापास माणूस! मी रिटायर हेडमास्तर, इंग्रजी लिहितो-बोलतो, तरी वायर माझ्या दारावरून पुढं गेली. हेवा मुळीच नाही. अन्याय तेवढा वाटतो.

९ मार्च
माझाही अर्ज पोस्टात टाकला. इंग्रजीतून. वाचून साहेब खुर्चीतून उठणार. महिन्याभरात फोन बसेल. बायकोला, कमलला म्हटलं, कोनाडा रिकामा कर. म्हणाली, देवांनी कुठं जायचं?

२४ मार्च
अख्खं गाव दत्तरावाच्या ओट्यावर. कुणाचाही फोन आला की हा स्वतः निरोप द्यायला पळायलाय. मोठेपणाचा लय सोस! आमची सुनेत्रासुद्धा औरंगाबादहून तिथंच फोन करते. कमल हातातलं काम टाकून धावते. पोरगी माझ्याबद्दल विचारते का? कमल म्हणते, विचारते की. मी त्याचा उंबरा चढणार नाही. फायनल.

१२ एप्रिल
चढलो. लोकांना फोनवर बोलायचे मॅनर्स शिकवणं कर्तव्यच. एक्स्चेंजला इंग्रजीत नंबर सांगितला. पलीकडची बाई म्हणाली, "आजोबा, मराठीत सांगा." ओटा हसला. लाईन खराब होती. दत्तरावानं चहा पाजला. मुद्दाम.

२ मे
परभणीला गेलो. क्लार्क म्हणाला, तुमचा नंबर लागायला काही वर्षं जातील. अर्ज वरपर्यंत गेलेला दिसत नाही. वर गेला की काम झालंच.

१९ मे, दुपारी
सहज दत्तरावाच्या दारावरून चाललो होतो. तो शेतात. फोन खणखणला. पार्वतीवहिनींचे हात कणकेत. म्हणाल्या, "गुरुजी, उचला की तुमीच."
उचलला. सुनेत्रा! मी हॅलो म्हणालो, लाईनीवर खरखर. ती घाईनं म्हणाली, "दत्तरावकाका, आईला बोलवा ना. गोड बातमी हाय. तुम्हाला म्हणून सांगते, मला दिवस गेलेत. बाबांना इतक्यात नका सांगू, ते लगेच लेक्चर सुरू करतात."
तोंडात आलेलं गिळलं. आवाज जाड करून म्हणालो, "बरं पोरी. बोलावतो."
घरी येऊन कमलला सांगितलं, दत्तरावाकडं फोन आलाय.

सायंकाळी
कमल जाऊन आली. डोळे पुसत होती, हसत होती. विचारलं, काय म्हणाली पोरगी?
म्हणाली, "काही न्हाई. सहजच केला होता."
बरं म्हणालो.