रिपोर्टचं दुसरं पान

२२ फेब्रुवारी, रविवार

चि. गुंड्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. आमच्या लॅबमध्ये नवा मायक्रोस्कोप आला, त्यामुळे माझ्या मानेचं दुखणं थांबलंय. तुझ्या गोदामाचं छप्पर गळत होतं, ते झालं का दुरुस्त?

काल आईचा फोन आला. म्हणाली, "गुरुवारी सुनेला पुन्हा ॲडमिट करताहेत. पोटात दुर्बीण घालून बघणार. या खेपेला तरी काय निघतं बघू." भाजी महागल्याचं सांगावं तशा आवाजात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चार वर्षांत वहिनीची ही तिसरी खेप. रक्त किती वेळा काढलं त्याला गणती नाही. गोळ्यांनी चेहरा सुजलाय, शिलाई मशीनवर बसते तेव्हा एक हात पोटावर असतो. आणि तुझी तपासणी किती वेळा झाली? एकदा. तीन वर्षांपूर्वी.

तो दिवस मला लख्ख आठवतो. तू रिपोर्ट घेऊन थेट आईकडे आलास. पहिल्या पानावरच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला होतास, माल पास करताना करतोस तसा. "चार कोटी! दीड कोटी असले तरी चालतात," म्हणालास. "माझ्या लेकात काही खोट नाही," म्हणत आईने तुझ्या पाठीवरून हात फिरवला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तो तिथेच ठेवून ती आत गेली.

अरे शहाण्या, पेट्या मोजतोस तसं इथे नुसतं मोजून भागत नाही. शुक्राणू किती आहेत ही एक गोष्ट, ते पुढे सरकतात का ही दुसरी. ते दुसऱ्या पानावर होतं. नीट पुढे जाणारे शंभरात सहा. निदान तीस तरी असावे लागतात.

तू विचारशील, मला कसं माहीत?

तेच सांगायचं टाळत इथवर लिहीत आले. तू हातपाय धुवायला गेलास तेव्हा मी पान उलटलं होतं. बारा वर्षं हेच काम करते, वाचायला किती वेळ लागणार? वाचलं आणि रिपोर्ट होता तसा ठेवून दिला. तू इतका खूश होतास. आईसमोर तुझं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. उद्या एकट्याला गाठून सांगू म्हटलं, आणि तो उद्या तीन वर्षं उजाडला नाही. वहिनीच्या पोटावरचे टाके माझ्याही गप्प बसण्याचे आहेत.

कालपर्यंत मी समजत होते, तू पान उलटलंच नाहीस. काल आईला म्हटलं, "तुझ्या कपाटातली ती फाइल काढ आणि दुसरं पान वाचून दाखव." म्हणाली, "एकच पान आहे गं. कोपऱ्यात पिन काढल्याची भोकं आहेत."

ते पान कुठे गेलं, गुंड्या? डॉक्टरांनाही तू एकच पान दाखवलंस? तिला टेबलावर झोपवत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून तू काय विचार करत होतास, मला खरंच जाणून घ्यायचंय.

एका रिपोर्टने काही ठरत नाही. त्याआधी दोन महिन्यांत ताप येऊन गेला असेल तरी हालचाल मंदावते. पुन्हा नमुना दे. अंडकोशातल्या शिरा फुगल्यात का ते तपासून घे. पुष्कळदा यावर इलाज असतो. पुरुषपणाचा यात काही संबंध नाही, आणि असलाच तर तो खरं बोलण्यात आहे.

या पत्राचा फोटो आजच तुझ्या फोनवर पाठवतेय. मी बुधवारी सकाळच्या गाडीने येतेय. तोवर तू वहिनीला सांगितलं असशील, तर मी तिची फक्त माफी मागेन. नसशील, तर आधी सगळं सांगेन आणि मग माफी मागेन. तू माझा लाडका आहेस, म्हणून हे तीन दिवस तुला दिलेत. ते तिच्या वाट्यातून काढून दिलेत, हे विसरू नकोस.

तीन वर्षं गप्प बसलेली,
तुझी ताई