फाट्यापर्यंत जाऊन परत

२ सप्टेंबर
किमो संपून दोन महिने झाले आणि आज दोन कप विसळताना ओट्याला धरावं लागलं. अंगात ओली रेती भरल्यासारखं. डॉक्टर म्हणतात, आराम करा. आरामानेच पायांच्या काड्या झाल्या! मुलाचा फोन : "दिवाळीला येतो. घराला कुलूप, तू माझ्याकडे बदलापूरला." म्हटलं, फाट्यापर्यंत पायी जाऊन परत आले तर? हसला. "मग राहा तिथेच." हसण्याचा राग आला.

५ सप्टेंबर
शहापूरला फिजिओथेरपीवाली मुलगी भेटली. रक्ताचे रिपोर्ट पाहून म्हणाली, "आजी, हा थकवा झोपून जात नाही. थोडं थोडं चालून कमी होतो." रोज दहा मिनिटं चाल, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं. दमायच्या आधी थांबायचं. 'आजी' सोडून बाकी पटलं.

६ सप्टेंबर
फाट्याच्या वाटेवरच्या चिंचेपर्यंत निघाले. तीन मोटरसायकली थांबल्या. "ताय, कुठं चालल्या? बसा, सोडतो." कुठंच नाही म्हटलं तर तोंडाकडे बघतात. तिसऱ्याने ऐकलंच नाही, बसवून घरी आणून सोडलं. इथे बाई कामाशिवाय चालत नाही. आजारी बाई तर नाहीच.

९ सप्टेंबर
शेजारची धाकटी जाऊ, सुमन. हातातला झाडू ओढून घेतला. "आमी काय मेलो काय? लोक मला नावं ठेवतील." तिला लोकांची पडली आहे, मला पायांची. भांडण. खुर्ची ५.

१३ सप्टेंबर
उपाय सापडला. हातात विळा, काखेत रिकामं पोतं. "गवताला काय, ताय?" "हो." संपलं. चिंचेपर्यंत गेले, आले. शाळेत असताना कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी या खोट्यासाठी तासभर उभं केलं असतं. तेवढं उभं राहता आलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

२८ सप्टेंबर
चिंचेच्या पुढे, पाण्याच्या टाकीपर्यंत. खुर्ची ८. बरं वाटलं म्हणून तशीच पुढे वळणापर्यंत गेले. मूर्खपणा.

३० सप्टेंबर
दोन दिवस अंथरुणात. सुमनने पेज भरवली, एक शब्द बोलली नाही. ते जास्त लागलं. फिजिओ फोनवर : "पुन्हा चिंचेपासून." रडले. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

१० ऑक्टोबर
सुमनने विळा हातात घेऊन पाहिला. "याला धार तरी हाय का?" सगळं सांगितलं. संध्याकाळी स्वतःचं पोतं घेऊन दारात. "चला. दोघी असलो तं कोन इचारतोय!"
वाटेत सारखी : "बसा आता. दमायच्या आधी ना? तुमीच सांगितलंत."
आज्ञा करायला हिला आवडतं. टाकीपर्यंत गेलो, आलो.

धनत्रयोदशी
फाट्यावरच्या कट्ट्यावर बसून पेन्सिलीने लिहिते आहे. पोचले, सुमन सोबत. वाटेत तीनदा बसले, पण पायांनी आले.
एसटी आली. मुलगा उतरला, बघतच राहिला. मग पहिलं काम, रिक्षा थांबवली. "आलीस ना, आई? मानलं. बस आता."
म्हटलं, परत यायचंही ठरलं होतं.
"हट्ट कशाला?"
सुमन म्हणाली, "बॅग बसव रे तिच्यात. आमाला गवत न्यायचंय."
बॅग रिक्षातून घरी गेली. तो थांबला आहे. रागावला आहे की घाबरला आहे, कळत नाही. बापासारखा नखं खातो आहे.
मांड्या थरथरताहेत. दमायच्या आधी थांबायचं. ते 'आधी' होऊन गेलं की अजून यायचं आहे, मलाही सांगता येत नाही. विळा त्याच्या हातात दिला. पोतं माझ्याकडे.
उठते.