मशीन बंद करून बसल्यावर

दादा,

छापखान्याची किल्ली माझ्याकडे आहे, शोधत बसू नकोस. भाजी झाकून ठेवलीये. राग माझ्यावर काढ, पोटावर नको.

काल ऐन घाईत तू मशीन बंद केलंस आणि म्हणालास, "जरा देवाजवळ बसतो." मी म्हणाले, "मग त्यालाच लाव कागद भरायला, गिऱ्हाईक दारात उभं आहे." तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस.

पण मला खरंच विचारायचं होतं. तू त्याच्याशी बोलतोस, की गप्प बसतोस? आणि घर सोडून तिथेच का, त्या शाईच्या वासात?

म्हणून आज मी आधी जाते. मशीन लावीन, खडखडाट अंगात भिनला की बंद करीन आणि डोळे मिटून बसेन. (इथे "बघू तरी तुझा देव" असं लिहिलं होतं. टोमणा वाटला, म्हणून खोडलं.)

तू येशील तेव्हा आवाज नसेल, तर मशीन बिघडलं समजू नकोस. गिऱ्हाईक बाहेर थांबव. मग आत येऊन शेजारी बस आणि सुरुवात कशी करतात, तेवढं तरी सांग. मला एकटीला जमेलसं वाटत नाही.

छोटी