ठमी अठराची होण्याआधी

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

तुला आणि भाऊजींना वाकून नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, दोन-दोन पायऱ्या चढून दाखवायचं वय गेलं आता. मी बरी आहे. थंडी पडलीय. तू विणलेला स्वेटर कोपरावर विरलाय, पण मेला ऊब देतो अजून.

ठमीचा कॉलेजचा अर्ज भरलास का? ती म्हणेल, "मी आईकडेच जाणार, कशाला भरायचा?" ऐकू नकोस तिचं. कान धर आणि भरायला लाव.

बघ, लिहायला बसले की हात इकडेतिकडेच जातो. सांगून टाकते. माझ्यावर पोलीस केस झालीय.

ज्या म्हाताऱ्या बाईंना मी सांभाळत होते, त्या बाथरूममध्ये पडल्या. मी टॉवेल घ्यायला दारापर्यंत गेले, तेवढ्यात त्या स्टुलावरून उठल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा धावत आला आणि ढसाढसा रडायला लागला. मला बघवेना गं. मी त्याचे हात धरले, म्हटलं, "चुकलं हो माझं, माफ करा." समोरच्याला जरा बरं वाटावं म्हणून आपण म्हणतोच ना असं? पोलिसांनी लिहून घेतलं, की बाईने स्वतःच हयगय कबूल केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! म्हाताऱ्या बाई अजून माझीच वाट बघतात म्हणे. पडल्याचं त्यांना आठवतसुद्धा नाही.

या देशात कायम राहण्याचा माझा अर्ज तिथेच अडकला. वकीलबाई म्हणाल्या, "केसचा निकाल लागेपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही." गुन्हा कबूल केला तर शिक्षा होईल आणि अर्ज कायमचा जाईल. लढायचं तर तारीख पुढच्या उन्हाळ्यातली. तोवर पासपोर्ट कोर्टात जमा, म्हणजे घरीही येता येत नाही. मी लढणार आहे. न केलेलं पाप मी डोक्यावर घेणार नाही.

पण ठमी डिसेंबरात अठराची होते, अक्का. त्यानंतर माझ्या अर्जात तिला धरत नाहीत. तिची वेगळी रांग, वर्षानुवर्षांची. मी वकीलबाईंना विचारलं, "वाढदिवस झाला की मुलगी आईला परकी होते का हो?" त्या चष्मा पुसत बसल्या.

तिला इवलीशी तुझ्या ओटीत टाकून आले, तेव्हा "दोन वर्षांत नेते" म्हटलं होतं. आता तिला तू सांग. माझ्याच्याने नाही होणार. फोनवर तिचा आवाज आला की मी पुन्हा "नेते गं" म्हणेन, आणि ती वेडी पुन्हा विश्वास ठेवेल. चिडेल, भांडेल, मला नाही नाही ते बोलेल. बोलू दे. तू फक्त जवळ बस तिच्या.

डिसेंबरापर्यंत तरी कागदोपत्री तिची आई,
तुझी धाकटी