खळ्यावरचा टोला

जालना, रविवार, बहमन १३४५ फसली (डिसेंबर १९३५)

आज गोल्फमधे डॉक्टरला हरवलं! पहिल्यांदाच. तोंड बघण्यासारखं झाल्तं त्याचं.

पण जमलं कसं? तेच डोक्यात घोळून राह्यलंय. छावणीच्या माळावर शेवटच्या खड्ड्याकडं चेंडू मारला, तो भरकटून थेट माळाला लागून शेत असलेल्या यमुनाबाईच्या खळ्यात. उद्या ज्वारीची मळणी, म्हणून तिनं खळं नुकतंच शेणानं सारवलेलं. मी जल्दी आत शिरणार, तर ती म्हणे, "वकीलसाहेब, पायतण बाहेर काढा. खळ्यात पायतण चालत न्हाई. अन् सारवण उकरू नका."

हैदराबादहून आणलेले नवे बूट बांधावर काढले. डॉक्टर हसून राह्यला होता. एरवी माझी काठी आधी जमीन खरवडते, मंग चेंडूला लागते. आज सारवण उखडायच्या धास्तीनं काठीनं नुसता चेंडू अलगद उचलला, अन् तो जाऊन बिलकुल खड्ड्याच्या काठाशी थांबला. पुढं नुसतं ढकलायचंच काम.

बूट नव्हते म्हणून जमलं, का यमुनाबाईच्या धाकानं? डॉक्टर म्हणतो, नशीब. म्हणू दे.

गुणगुणत घरी आलो. बायकोनं दारातच पायांकडं पाह्यलं. "बूट कुठंयत?"

बांधावरच! एवढा माळ अनवाणी तुडवत आलो अन् पत्ताच न्हाई. तिनं विचारलं, तेव्हा कुठं टाचेतला बाभळीचा काटा दुखायला लागला.

सकाळी जाऊन बूट आणतो. फक्त कोर्टात घालायला.